दहा-वीस गुंठ्यांसाठी कुठलं यंत्र घ्यावं? आधी वाट मोजा, मग शोरूम गाठा

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या बैलजोड्या भराभर कमी झाल्या. जोत धरणारा माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर बैल नाहीत. त्यामुळे मे महिना लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. पॉवर टिलर घ्यायचा की मिनी ट्रॅक्टर? ग्रासकटर कुठल्या जातीचा? आंब्याच्या पेट्या न्यायला स्वतःची गाडी परवडेल का? बरेच जण फोनवर व्हिडिओ बघून ठरवतात. पण व्हिडिओतलं शेत सपाट असतं, लांबरुंद असतं. आपलं तसं नसतं. ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून आधी ती सांगतो.

आमची जमीन सगळी मिळून ५२ गुंठे, आणि ती सात ठिकाणी. सात वर्षांपूर्वी मी कर्ज काढून मिनी ट्रॅक्टर घेतला. साठ हजार रुपये मुंबईच्या काकांनी घातले. ट्रॅक्टर दारात आला, नारळ फुटला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी कळलं की घरापासून खालच्या मळ्यात जायला जांभ्याची पाखाडी आहे, तिला पायऱ्या आहेत, आणि गडग्याच्या कवाडातून ट्रॅक्टर जातच नाही. रस्त्याला लागून असलेले १४ गुंठे तेवढे नांगरले. बाकीच्या ३८ गुंठ्यांसाठी पुन्हा दुसऱ्याची बैलजोडी शोधायला बाहेर पडलो.

काका राहतात गिरगावात, खोताच्या वाडीत. गणपतीला गावी आले तेव्हा त्यांनी ताडपत्रीखाली उभा ट्रॅक्टर बघितला आणि म्हणाले, "अरे, आमच्या वाडीतली गल्ली एवढी अरुंद, की गाडी आत येत नाही. सिलिंडरवाला टेम्पो बाहेर मोठ्या रस्त्याला लावतो नि सिलिंडर खांद्यावर घेऊन येतो. त्यामुळे आमच्याकडे दारात मोटार ठेवायची भाषा कोणी करत नाही. तू मात्र गल्ली न बघता गाडी आणलीस!"

खोताची वाडी ज्यांनी बघितली आहे त्यांना हे लगेच समजेल. दादोबा वामन खोत यांच्या नावावरून ओळखली जाणारी ती वाडी, लाकडी सज्ज्यांची जुनी घरं आणि मधून चालायची बोळं. खोत हे नाव आपल्या जिल्ह्याला काही नवीन नाही. खोती संपवण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधानसभेत विधेयक मांडलं होतं. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि कसणाऱ्याच्या नावावर जमीन येण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर घराघरात वाटण्या होत गेल्या. आज एकाच घराचं दहा गुंठे वहाळाकडे, पाच गुंठे टेपावर, दोन दळी देवळामागे, अशी गत आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत राज्यातली सरासरी धारण जमीन १.३४ हेक्टर भरली, म्हणजे सव्वातीन एकरांच्या वर. आपल्याकडे बहुतेकांचं क्षेत्र त्यापेक्षा कमी आणि तेही विखुरलेलं. म्हणून घाटावरच्या माणसाचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही.

तो ट्रॅक्टर तीन वर्षांनी मी निम्म्या किमतीत विकला. कर्जाचे हप्ते त्यानंतरही दोन वर्षं चालू होते. त्यातून शिकलो ते तीन शब्दांत बसतं : वाट, हात आणि तास.

१) वाट : टेप घेऊन स्वतः चालत जा

यंत्र जिथे ठेवणार तिथपासून प्रत्येक तुकड्यापर्यंत चालत जा. सोबत मोजमापाचा टेप आणि कागद न्या. या गोष्टी लिहून ठेवा.

• वाटेतली सगळ्यात अरुंद जागा किती फूट? गडग्याचं कवाड, दोन घरांमधली बोळ, साकव, सगळं मोजा.
• पाखाडीला पायऱ्या आहेत का? एका पायरीची उंची किती?
• पऱ्या किंवा वहाळ ओलांडायचा असेल तर जून-जुलैत त्यात पाणी किती असतं?
• वाट दुसऱ्याच्या जमिनीतून जाते का? जात असेल तर लावणी झाल्यावर ती बंद होते का?

आता यंत्राचा अंदाज घ्या. पॉवर टिलरचं वजन साधारण चारशे ते पाचशे किलो आणि त्याचा रोटरी एका फेरीत सुमारे दोन फूट माती फोडतो. चालायला त्याला तीन-साडेतीन फुटांची मोकळी वाट लागते. छोटा मिनी ट्रॅक्टर बहुधा त्याहून जड, आणि मागे अवजार लावलं की वळायला जागा जास्त लागते. पॉवर वीडर मात्र दोन माणसं उचलून बांधावरून पलीकडे ठेवू शकतील असाही मिळतो. पायऱ्यांची पाखाडी असेल तर तुमच्यासाठी वीडरच खरा.

शोरूममध्ये एचपी विचारण्याआधी यंत्राची पूर्ण रुंदी आणि वजन विचारा. रुंदीत दोन्ही बाजूंना एकेक वीत धरून जी बेरीज येईल ती तुमच्या सगळ्यात अरुंद जागेपेक्षा कमी हवी.

वाटेबरोबर शेताचा तळही बघा. मळ्यात गुडघाभर चिखल होत असेल तर जड ट्रॅक्टर रुततो. तिथे लोखंडी केज व्हील लावलेला टिलर चिखलणी चांगली करतो. चार-पाच फुटांचे बांध असलेल्या दळ्यांमध्ये जड यंत्र कडेला नेलं की बांध ढासळतो. उतारावर ट्रॅक्टर आडवा चालवू नये, तो उलटतो.

२) हात : यंत्र चालवणार कोण?

हा प्रश्न शोरूमवाला विचारत नाही, घरातही कोणी विचारत नाही. आपल्याकडे तरणी मुलं मुंबई-पुण्याला. घरी आई, वडील आणि सून. सत्तरीच्या माणसाला हँडल मारून डिझेल टिलर चालू करणं आणि भर चिखलात वळवणं जमेल का? नसेल तर स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका. बटनस्टार्टचा पर्याय आहे का विचारा. वजनाने हलका, पेट्रोलवरचा वीडर बायामाणसंही चालवतात.

घेण्यापूर्वी जो चालवणार त्याच्याच हातात यंत्र द्या. शोरूमच्या फरशीवर नको, तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या शेतात चालवून दाखवा म्हणावं. विकायची इच्छा असेल तर दाखवतात.

३) तास : वर्षाला किती वेळ चालणार?

इथे थोडा हिशेब करू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, तुम्ही आपल्या गावातला भाव टाका.

समजा टिलर १,८०,००० रुपयांना घेतला. दहा वर्षांनी तो ३०,००० ला जाईल असं धरलं तर दरवर्षीचा घसारा १५,०००. अडकलेल्या पैशावरचं व्याज वर्षाला साधारण १०,५००. दुरुस्ती, पट्टे, ऑइल, शेड मिळून ७,५००. म्हणजे टिलर नुसता उभा राहिला तरी वर्षाला ३३,००० रुपये खातो.

भाड्याचा टिलर तासाला ५०० रुपयांना मिळतो आणि स्वतःचा चालवायला डिझेल व माणूस धरून तासाला २०० जातात, असं समजू. म्हणजे दर तासाला ३०० वाचतात. ३३,००० भरून यायला टिलर वर्षात ११० तास चालला पाहिजे.

एक एकर भाताची उखळणी-चिखलणी धरून, लहान तुकड्यांतलं वळणं-फिरणं मोजून टिलरला आठ-दहा तास लागतात. दहा धरले तर ११० तास म्हणजे ११ एकर. तुमच्याकडे वीस गुंठे असतील तर तुमचं काम पाच तासांचं. पाच तासांसाठी पावणेदोन लाखांचं यंत्र घ्यायचं का, हे आता तुम्हीच ठरवा.

याचा अर्थ टिलर घेऊच नये असा नाही. स्वतःचं करून उरलेले तास दुसऱ्यांकडे भाड्याने जाणार असतील किंवा चार घरं मिळून घेणार असतील तर तो परवडतो.

कामाप्रमाणे काय घ्यावं

नांगरणी-चिखलणी : एक एकरपर्यंत विखुरलेलं क्षेत्र असेल तर पॉवर वीडर किंवा भाड्याचा टिलर. रस्त्याला लागून सलग तीन-चार एकर असेल आणि भाड्याची कामंही मिळणार असतील तरच मिनी ट्रॅक्टरचा विचार करा. वीडर ताठ, कोरड्या जमिनीत पहिली उखळणी करताना उड्या मारतो. त्याला वापसा आलेली किंवा भिजलेली जमीन लागते.

चिखलणीच नको असेल तर : रायगडच्या कर्जत तालुक्यात नेरळजवळ सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र, म्हणजे एसआरटी, विकसित केलं आहे. त्यात एकदा गादीवाफे करून त्यावर भात टोकतात. पुढच्या वर्षी नांगरणी, चिखलणी, लावणी काहीच नाही. पाण्याचा निचरा होणाऱ्या शेतात हे करून बघण्यासारखं आहे. तणांचा बंदोबस्त मात्र वेळेवर करावा लागतो. अशा शेतकऱ्याने टिलर विकत घेण्याचं कारणच उरत नाही.

कापणी आणि झोडणी : लहान दळ्यांत रीपर फिरवायला अवघड, आणि भात आडवं पडलं की तो निरुपयोगी. पाच-दहा गुंठ्यांना दातेरी वैभव विळा पुरतो. त्याने बुडापासून कापणी होते, त्यामुळे खोडात राहणाऱ्या किडीलाही आळा बसतो. झोडणीला पायाने चालवायचं किंवा अर्ध्या-एक एचपीच्या मोटरवरचं झोडणी यंत्र वाडीत एक असलं तरी सगळ्यांचं भागतं.

बागेची बेणणी : आंबा-काजूची कलमं असतील तर पहिला खर्च ग्रासकटरवर करा. वर्षात सगळ्यात जास्त तास हेच यंत्र चालतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, प्रमाण पुस्तिकेत दिलेलं असतं, अंदाजाने ओतू नका. फोर-स्ट्रोकला ऑइल वेगळं असतं, तो आवाज आणि पेट्रोल कमी घेतो, पण किंमत जास्त. उतारावर काम करणाऱ्याला पाठीवर घ्यायचा बरा. दगडधोंड्यात नायलॉन दोरी लावा, झुडपांना पातं.

फवारणी आणि काढणी : लहान कलमांना बॅटरीचा पाठीवरचा पंप पुरतो. उंच झाडांना इंजिनवरचा एचटीपी पंप आणि लांब पाइप लागतो. पंप घेताना टाकीपर्यंत पाणी कसं नेणार हे आधी बघा. आंबा काढायला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आहे. त्याने देठासकट फळ निघतं, चीक अंगावर येत नाही, आणि खर्च किरकोळ.

गाडी कुठली?

रोजच्या कामाला, म्हणजे खताची एक गोणी, दुधाची किटली, पेंडीचं पोतं, मोपेडसारखी हलकी दुचाकी पुरते. आंब्याच्या हंगामात दोन महिने पिकअप भाड्याने घेणं स्वस्त की वर्षभर हप्ता भरणं, याला वरचाच तासांचा हिशेब लावा. तासांच्या जागी फेऱ्या धरा.

छोटा हत्ती किंवा पिकअप घ्यायचीच असेल तर हे माहीत असू द्या. मालवाहू गाडीला फिटनेस प्रमाणपत्र लागतं. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवू शकतो, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं आहे. ट्रॉलीत माणसं बसवणं बेकायदा आहे. लग्नाला, जत्रेला सर्रास बसवतात, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. शेतीच्या नावावर नोंदलेल्या ट्रॅक्टरवरून भाड्याने चिरे-वाळू वाहिली तरी तीच गत.

अनुदान : घाई केली तर हातचं जातं

कृषी यांत्रिकीकरणासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा असतो. अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के, पण प्रत्येक यंत्राला कमाल रक्कम ठरलेली आहे. म्हणजे पन्नास टक्के ऐकून निम्मी किंमत माफ झाली असं धरू नका. आपल्या यंत्राची कमाल मर्यादा कृषी सहाय्यकाकडून लिहून घ्या.

• शेतकरी ओळख क्रमांक आधी काढून घ्या. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी तो बंधनकारक आहे.
• सातबारा, आठ-अ आणि आधारशी जोडलेलं बँक खातं तयार ठेवा. सामाईक सातबाऱ्यावर मुंबईकर भावंडांची नावं असतील तर संमतीपत्राचं गणपतीत सगळे जमतात तेव्हाच उरकून घ्या.
• निवड झाल्यावर कोटेशन आणि यंत्राचा तपासणी अहवाल जोडावा लागतो. बुदनी, हिसार यांसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत तपासलेलं मॉडेलच चालतं. विक्रेत्याकडे अहवाल आहे का हे आधी विचारा.
• पूर्वसंमती मिळाल्याशिवाय खरेदी करू नका. आधी घेतलेल्या यंत्राला अनुदान मिळत नाही.
• पैसे नंतर खात्यात येतात. तोवर पूर्ण रक्कम तुम्हालाच उभी करायची असते. त्यावरचं व्याज हिशेबात धरा.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि शेतीच्या बहुतेक अवजारांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. कोटेशनमध्ये कुठला दर लावलाय ते बघा.

घेण्याआधी दुकानात विचारायचे प्रश्न

सुटे भाग तालुक्याला मिळतात का, की कोल्हापूरला जावं लागतं? मिस्त्री घरी येतो का? चिखलणीच्या आठवड्यात यंत्र बंद पडलं तर किती दिवसांत माणूस येईल? पाती, पट्टा, क्लच केबल यांची किंमत किती? ज्या ब्रँडचा मिस्त्री जवळ आहे, तो दोन पैसे महाग असला तरी शेवटी स्वस्त पडतो. गावात आधीच चार जणांकडे जे मॉडेल आहे, त्याला मुद्दाम वेगळं आणू नका. अडीअडचणीला भाग एकमेकांचे चालतात.

जुनं यंत्र घेत असाल तर इंजिन थंड असताना सुरू करून बघा. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर शंका घ्या. काळा-निळा धूर, गिअर निसटणं, रोटरीच्या पेटीतून ऑइल गळणं, हे तपासा. ट्रॅक्टर किंवा गाडी असेल तर आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का बघा. बोजा उतरल्याशिवाय पैसे देऊ नका.

जिवाची काळजी

• टिलर रिव्हर्समध्ये घेताना रोटरी बंद करा. मागे बांध असेल तर माणूस मध्ये सापडतो.
• ग्रासकटर चालवताना चष्मा, बूट, गार्ड हवाच. पंचा, साडीचा पदर, ओढणी सैल ठेवू नका. आजूबाजूला पंधरा मीटरांत कोणी उभं नको.
• गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका.
• इंजिन पंप विहिरीत उतरवून चालवू नका. धुराने आत उतरलेला माणूस गुदमरतो, आणि त्याला काढायला गेलेलाही.
• आंबे काढताना विजेच्या तारेजवळ लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची काठी नेऊ नका.

चार घरांचा एक टिलर

ट्रॅक्टर विकल्यावर आम्ही चार घरांनी मिळून जुना टिलर ८०,००० ला घेतला. प्रत्येकी वीस हजार. एक वही केली आहे. कोणी किती तास नेला, डिझेल किती टाकलं, काय मोडलं, सगळं त्यात. नियम चारच : ज्याच्या शेतात पाणी आधी येतं त्याची पाळी आधी, चालवणारे दोघेच, नेताना आणि परत देताना धुऊन द्यायचा, आणि बाहेर भाड्याने गेला तर ते पैसे दुरुस्तीच्या डब्यात. पहिल्या वर्षी पाळीवरून भांडण झालं. वही नसती तर टिलरही विकावा लागला असता. बचत गट किंवा शेतकरी गट असेल तर अवजारे बँकेच्या योजनेची चौकशी तालुका कृषी कार्यालयात करा.

पाखाडीखालच्या मळ्यासाठी वीडर माझा स्वतःचा, बागेला ग्रासकटर. बाकी सगळं भाड्याने. यंदा गणपतीला काका आले तेव्हा वीडर खांद्याला लावून आम्ही दोघे भाऊ पाखाडी उतरत होतो. काका वरून म्हणाले, "सिलिंडरवाल्यासारखेच दिसताय!"

त्यांनी दिलेल्या साठ हजारांपैकी चाळीस परत केले आहेत. वीस अजून राहिले आहेत.